पंधरा तारखेचं माप

चौतीस वर्षं मी एसटी चालवली, त्यातली एकवीस वर्षं एकाच कंडक्टरबरोबर. ड्यूटीवर जाण्याआधी डेपोत नळीत फुंकायला लागायचं, ड्रायव्हर पिऊन आला नाही ना ते बघायला. माझा आकडा कायम शून्य. म्हातारपणी ही नळी पुन्हा तोंडाशी येईल आणि आकडा खाली येऊ नये म्हणून मी धडपडत बसेन, असं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर त्याला मी पुढच्या थांब्यावर उतरवून दिलं असतं.

आताची नळी बाथरूममध्ये आरशाशेजारी बसवतात. सरकारी कागदावर तिचं नाव दीड ओळीचं आहे, पण आमच्या जयसिंगपुरात सगळे तिला फुंकणी म्हणतात. सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्याही आधी, दहा सेकंद फुंकायचं. मग शून्य ते शंभरमधला एक आकडा हिरव्या रंगात उमटतो. तो तुमच्या एकटेपणाचा आकडा.

फुंकण्या बसवल्या तेव्हा आम्हा सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या लोकांना पालिकेच्या दवाखान्यात बोलावून डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. मला आधी वाटलं, सरकारला आता आमचा श्वाससुद्धा मोजायचा आहे. पण बाई चांगल्या होत्या, मास्तरणीसारख्या फळ्यावर चित्रं काढून सांगत होत्या. त्या म्हणाल्या, माणूस हा कळपातला प्राणी. कळपातून तुटलेल्या जनावराला कधीही कुणी फाडेल, म्हणून त्याचं शरीर जखमांची तयारी करून बसतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सूज आणणारी जनुकं चालू ठेवतात आणि विषाणूंशी लढणारी मंद करतात. चार दिवस असं चाललं तर बिघडत नाही. वर्षानुवर्षं चाललं की हृदय, सांधे, मेंदू, सगळं आतून झिजतं. या सुजेतून काही वायू तयार होतात, ते रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात उतरतात. अब्जात दोन-चार कण, इतके थोडे. ते पकडणारा नखाएवढा तुकडा कुणीतरी शोधून काढला आणि फुंकणी तयार झाली. दम्याचे, विडीचे, साखरेचे वायू वेगळे असतात, ते ती बाजूला काढते.

पण खरा शोध त्यानंतरचा. त्याआधी आठ-दहा वर्षं म्हाताऱ्यांना बोलकी यंत्रं वाटली होती. गोळी घेतली का विचारायची, भजनं लावायची, वाढदिवसाला गाणं म्हणायची. फुंकणी आल्यावर कळलं की त्या डब्याशी दिवसभर गप्पा मारल्या तरी आकडा जागचा हलत नाही. टीव्हीनं हलत नाही, फोनवर दिसणाऱ्या लेकीच्या चेहऱ्यानं जेमतेम दोन-तीननं उतरतो. समोर जिवंत माणूस बसलं, आपलं माणूस असलं, त्यानं ऐकून घेतलं, की मात्र आकडा झरझर खाली येतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत खाली राहतो. डोक्याची समजूत घालता येते, रक्ताची येत नाही, असं बाई म्हणाल्या. मग सरकारला माणसंच पाठवणं भाग पडलं, आणि 'सोबत योजना' सुरू झाली.

योजनेचा नियम सोपा होता. दर महिन्याच्या पंधरा तारखेला मागच्या पंधरा दिवसांची सरासरी काढायची. ती साठाच्या वर असली तर आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, एक सोबती घरी येणार. साठाच्या खाली असली तर नाही. गावात सोबती नऊ आणि एकटी म्हातारी माणसं चारशेच्या वर, त्यामुळे नियम कडक होता, आणि तसं बघितलं तर बरोबरही होता.

माझी बायको इंदू जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी सारिका नाशिकला. गेल्या वर्षी मी स्कूटरवरून पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. नेमका त्याच वेळी नेमू, म्हणजे माझा कंडक्टर नेमगोंडा मगदूम, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे बंगळूरला गेला आणि मुलानं त्याला सात महिने ठेवून घेतलं. सारिका महिनाभर राहून गेली. त्यानंतर घरात मी आणि काठी. माझा आकडा अठ्ठ्याहत्तरवर गेला आणि एका मंगळवारी स्नेहल आवळे दारात उभी राहिली.

ती पन्नाशीला आलेली, उदगावची. मी तिला कामवाली समजून झाडू कुठे आहे ते दाखवलं. ती म्हणाली, "आण्णा, झाडायला न्हाई आले मी. बसायला आलेय." आणि ती खरंच बसली. त्यांना काम करायला बंदी होती, औषध द्यायला बंदी, घरातली वस्तू घ्यायला बंदी. चहा चालायचा. पहिल्या दिवशी दोन तास मी तिला एसटीच्या इंजिनाबद्दल सांगितलं. तिनं ते ऐकलं, याबद्दल तिला वेगळा भत्ता द्यायला हवा होता.

चौथ्या का पाचव्या खेपेला मी तिला इंदूचं सांगितलं.

आमच्या गाडीत दोरीची घंटी होती. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. एकवीस वर्षांत नेमू मागे काय करतोय ते बघायला मी मान वळवली नाही. त्याची घंटी आली की माझा पाय आपोआप चालायचा. एकदा दुपारी गाडी खच्चून भरली होती. अंकली फाट्यावर उतरणारं कुणी नव्हतं, नेमूनं फाट्याच्या अलीकडेच दोन घंट्या दिल्या. पुढे रस्त्याकडेला इंदू उभी दिसली. माहेराहून आली होती, कडेवर तापानं फणफणलेली तीन वर्षांची सारिका. तिनं हात केला. मी तिला ओळखलं, आणि गाडी तशीच पुढे नेली. दोन घंट्यांनंतर ब्रेक मारायची पायाला सवयच नव्हती. पुढची गाडी तिला दोन तासांनी मिळाली. पोर आठ दिवस दवाखान्यात होती. घरी आल्यावर इंदूनं मला एवढंच विचारलं, की गाडी भरली होती का. मी हो म्हणालो. त्यानंतर मरेपर्यंत तिनं तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

हे मी नेमूला कधी सांगू शकलो नाही. त्या दिवशी त्यानं इंदूला बघितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला असता, कारण घंटी त्याची होती. स्नेहलला सांगितलं. "जाऊ दे आण्णा" असं ती म्हणाली नाही. इंदूनं त्या दिवशी कुठल्या रंगाची साडी नेसली होती, ते तिनं विचारलं. मी सांगितलं, मोरपंखी. आणि रडलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, परक्या बाईसमोर, नाक पुसत. दुसऱ्या दिवशी फुंकणीवर पासष्ट आला.

त्यानंतर मंगळवार आणि शनिवार हेच माझे दोन दिवस झाले. सोमवारी मी दाढी करायचो. दारात तिच्या चपलांचा आवाज आला की घरात पुन्हा बाईमाणूस आलं असं वाटायचं, आणि इंदूबद्दल बोलायचं अजून कितीतरी शिल्लक आहे हे मला कळायला लागलं होतं.

जुलैच्या शेवटी नेमू बंगळूरहून परत आला. तो बाराव्या गल्लीत वरच्या मजल्यावर राहतो, मी नवव्या. माझा पाय बरा झाला होता. निवृत्त झाल्यापासूनच्या रिवाजाप्रमाणे मी रोज पाच वाजता त्याच्याकडे जायला लागलो. तो जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा. त्याच्याबरोबर मीही कांदा-लसूण नसलेली आमटी आणि भात खायचो आणि घरी येऊन झोपायचो. बोलणं ठरलेलंच. कुठला वाहतूक नियंत्रक कसा होता, कुठल्या घाटात गाडी कशी बंद पडली. तेच ते शंभरदा सांगायचं आणि शंभरदा हसायचं. पाच-सहा दिवसांत माझा आकडा एकोणसाठवर आला.

स्नेहलनं तो बघितला आणि तिला खरंच आनंद झाला. म्हणाली, छान उतरलाय, आता पंधराला साठाच्या खाली गेला की मी तुमच्यातनं सुटले. ती हसत होती. मी मात्र पंधराला किती दिवस उरलेत ते बोटांवर मोजलं.

इथे मला डेपो आठवला. आमच्याकडे गाडी डिझेलच्या लिटरला किती चालते त्यावर ड्रायव्हरची परीक्षा असायची. नवखा ड्रायव्हर जीव तोडून चांगला आकडा द्यायचा, आणि पुढच्या महिन्यापासून तोच आकडा त्याच्याकडून रोज मागितला जायचा. जुनी माणसं शहाणी. ती म्हणायची, सगळं दाखवू नको, थोडं हातात राख. मी आयुष्यभर थोडं हातात राखलं आणि सुखात नोकरी केली. आता फुंकणीवरही आकडा हातात राखायचा, असं मी ठरवलं. माझी अक्कल डेपोच्या फाटकाच्या आतच चालणारी होती, हे तेव्हा कळलं नाही.

आधी जुन्या युक्त्या केल्या. श्वास कोंडून धरला, लवंग चघळली, पहाटे उठून अंगणात येरझाऱ्या घातल्या. फुंकणी नुसती 'पुन्हा फुंका' म्हणायची. खोटं एकटेपण तिला चालत नव्हतं. आकडा वर न्यायचा तर खरोखर एकटं पडायला लागणार होतं.

मी नेमूला फोन करून सांगितलं की पाय पुन्हा दुखतोय, जिना चढवत नाही. तो म्हणाला, मग मी येतो. मी सांगितलं, नवीन गोळीनं संध्याकाळी झोप लागते, येऊ नको. एकवीस वर्षांत मी त्याच्याशी एवढं खोटं बोललो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता तो आलाच. एकदाच बेल वाजवली. मी कॉटवर बसून राहिलो. दाराखालच्या फटीतून त्याच्या पायांची सावली दिसत होती. तो बराच वेळ उभा होता. मला खोकला आला, तो मी पूर्ण दाबू शकलो नाही. मग त्यानं बेल दोनदा वाजवली आणि तो निघून गेला. त्या दोन घंट्यांचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानंतर त्याचा फोन आला नाही आणि तोही आला नाही.

ऑगस्टच्या पंधराला माझी सरासरी चौसष्ट भरली. स्नेहल राहिली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

पण संध्याकाळी पाच वाजले की पाय चपलांकडे जायचे. त्यांना परत आणून कॉटवर ठेवायला लागायचं. मंगळवार ते शनिवार आणि शनिवार ते मंगळवार हे दिवस मला खायला उठायचे. किती एकटं वाटतं म्हणून सांगू? कुकरची शिट्टी झाली तरी कुणीतरी बोललं असं वाटून मी मान वळवायचो. आणि ज्या दोन तासांसाठी हे सगळं चाललं होतं, तेही हळूहळू आटत गेले. स्नेहल विचारायची, रविवारी काय केलं? मी म्हणायचो, काही नाही. सोमवारी? काही नाही. काही घडलंच नाही तर माणूस सांगणार काय? इंदूच्या गोष्टीसुद्धा सुचेनात. ती एकटक माझ्याकडे बघत राहायची आणि चहाचा कप तसाच थंड व्हायचा. सप्टेंबरला बहात्तर भरले, ऑक्टोबरला शहात्तर.

ऑक्टोबरच्या मापानंतरच्या शनिवारी ती आली तेव्हा पर्स खांद्यावरून खाली ठेवली नाही. सोबती येत असूनही तीन मापं आकडा चढतच राहिला, तर सोबत त्या माणसाला लागू पडत नाही असं योजनेत धरलं जातं. औषध लागू पडलं नाही की डॉक्टर बदलतात तसंच. ज्यांचा आकडा उतरण्यासारखा आहे त्यांच्याकडे सोबती पाठवायचे, आणि मला दवाखान्यातून गोळ्या. वरून आलंय आण्णा, असं ती खाली बघून म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. नेमू, पाच वाजता, डिझेल, दोन घंट्या. मला वाटलं होतं ती हसेल, नाहीतर तिला भरून येईल. ती चिडली.

"माझ्यासाठी त्यांना तोडलंसा? मी पगारी बाई हाय आण्णा. आज हितं, उद्या दुसरीकडं. ते कुठं जाणार होते?"

मी म्हणालो, कागदावर लिही की हा माणूस लबाडीनं वागला, आकडा खरा नाही.

"कसं लिहू? फुंकणीत लबाडी काहीच न्हाई. तुम्ही खरंच एकटे झालायसा."

ती उठली. दारात थांबली, पुन्हा आत आली. पुढच्या घराचं नाव सांगायला त्यांना बंदी असते. नाव तिनं सांगितलंही नाही. एवढंच म्हणाली की बाराव्या गल्लीत वरच्या मजल्यावर आहे, फुंकणी बसवल्यापासून ज्यांचा आकडा चाळिशीच्या वर गेला नाही असे गृहस्थ आहेत, आणि अडीच महिन्यांत ते ऐंशीवर गेलेत.

पुढचे पंधरा दिवस लाजेनं मी घरातच काढले. शेवटी नोव्हेंबरच्या पाच तारखेला संध्याकाळी चपला घातल्या आणि काठी घेऊन बाराव्या गल्लीचा जिना चढलो. दारावर हातानं थाप मारली.

नेमूनं दार उघडलं. गालफडं बसली होती. आतून आमटीचा वास येत होता. त्यानं मला बघितलं, मग तोच बाहेर आला आणि मागे दार ओढून घेतलं. जिन्याच्या माथ्यावर आम्ही दोघं उभे राहिलो.

"पाय बरा झाला?" त्यानं विचारलं.

"पायाला कायच झालं न्हवतं."

"ठावं हाय. खोकला ऐकला की मी तुझा."

मी काही लपवलं नाही. स्नेहलच्या दोन तासांसाठी मी त्याला दाराबाहेर ठेवलं, हे जसंच्या तसं सांगितलं. चुकलं माझं, असंही म्हणालो. तो कठड्याला टेकून ऐकत होता. आधी लई राग आला होता, आता नाही, असं म्हणाला. मग सांगत राहिला, दोन महिने दूधवाल्याखेरीज कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो, एकदा मुलाला फोन लावला तर घशातून आवाजच फुटेना. आता ती बाई येते. बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली, पण पद्मावती कशी होती हे कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही विचारलंस. बाईनं परवा विचारलं.

हे खरं होतं. मी कधीच विचारलं नव्हतं.

"मग आता विचारतो," मी म्हणालो. "आत बसू, चल."

तो दारासमोरून हलला नाही.

"पंधराला माप हाय, सर्जा. आज तू आत येऊन बसलास तर माझा आकडा पडंल. तू आलास की पडतोच माझा. पयल्यापास्नं."

"मग पंधरानंतर येतो."

"त्येच्यानंतर फुडची पंधरा हाय की."

त्यानं हे टोमणा मारून म्हटलं नाही. अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाला. हा माझाच हिशेब होता, त्यात मला चूक काढता येत नव्हती. मी बरं म्हणालो आणि उतरायला लागलो. "दमानं उतर," तो वरून म्हणाला. मी खालच्या पायरीवर पोचेपर्यंत तो तिथेच होता. मग दार लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकलं तर त्र्याऐंशीचे सत्तर झाले होते. जिन्यात उभ्या उभ्या झालेल्या पाच-सात मिनिटांच्या बोलण्यानं तेरा उतरले. म्हणजे नेमूचेही तेवढेच उतरले असणार. मापाला नऊ दिवस उरले होते. तेवढ्यात त्याचा आकडा पुन्हा चढावा म्हणून मी बाराव्या गल्लीकडे फिरकलो नाही.